‘खेळ खल्लास’ची सात चित्रं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा चिडूनच. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधल्या डबेवाल्याच्या गेमसाठी मी हरल्यावर दिसणारी सात चित्रं काढली. त्यावर तुमचं म्हणणं असं, की खेळणारा दोन सेकंदांत उडवून लावतो त्या चित्रांवर तीन आठवडे घालवणं ही नुसती हौस. कारण एका ओळीत लिहिता आलं असतं. चित्रातच अक्षरं काढणं हा नवशिकेपणा. आणि रुळावर पडलेला डबेवाला हा काही हसण्याचा विषय नाही.

दोन सेकंद खरे, पण ते किती वेळा? आमच्या एका ज्युनिअरने दादरचा टप्पा पार करायला एकोणीस वेळा मार खाल्ला. जिंकल्याचं चित्र त्याने एकदाच पाहिलं, तेही बॅग उचलता उचलता. पहिल्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या पहिल्या चालत्या आवृत्तीत, सगळीकडे काळ्यावर लाल ‘खेळ खल्लास’ एवढंच होतं आणि खाली, तुम्ही म्हणता तशी, कारणाची एक ओळ. पोरं विचारायची, “अरे पण हरलो कशाने?” ओळ कुणी वाचतच नव्हतं. वैतागलेला माणूस वाचत नाही, बघतो. म्हणून आता डबा चुकला की झाकणावरची रंगवलेली खूण अर्धा पडदा व्यापते आणि मागे एक साहेब भलत्याच भाजीकडे बघत बसलेले दिसतात. तोच ज्युनिअर हे चित्र बघून म्हणाला, “हात्तिच्या, खूण उलटी वाचली मी.” माझे तीन आठवडे तिथेच वसूल झाले.

आणि ही हौस जुनी आहे. आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या, जमान्यात हा पडदा पुढचं नाणं काढून घेण्यासाठी असायचा. १९८८च्या ‘निन्जा गायडन’च्या आर्केड मशीनवर नायक बांधून आडवा पाडलेला, वरून गोल करवत खाली येतेय आणि आकडे उलटे मोजले जातायत. सरळसरळ खंडणी, पण चित्र काय जबरदस्त! मला त्याहून आवडतो तो १९८०चा ‘मिसाइल कमांड’. शहरं कितीही वाचवा, शेवटी जातातच. तेव्हा पडद्यावर ‘गेम ओव्हर’ येत नाही, ‘द एंड’ येतं.

एका गोष्टीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. चित्र आल्यावर चार सेकंद ‘पुन्हा खेळा’चं बटण बंद ठेवणं हा माझा निव्वळ हट्ट होता, काढलंय ते. आता अर्धाच सेकंद. तेवढा लागतो, कारण घाबरलेला माणूस बटण बडवतच असतो आणि चित्र दिसायच्या आत उडून जातं.

अक्षरांचं म्हणाल, तर पर्याय नव्हता. आम्ही युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात काम करतो. त्यातल्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या साधनात मी ‘डबा किंग्ज सर्कलला, पोट चर्चगेटला’ टाइप केलं, तर पहिली वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन बसली आणि रफार सुटून नुसता पाय मोडलेला ‘र’ उरला. इंग्रजीत सगळं ठीक दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात देवनागरी नीट जुळते हे मला माहीत आहे, पण सबमिशनला महिना असताना इंजिन कोण बदलणार? शेवटी अक्षरं ब्रशने काढली. उद्या गेम हिंदीत करायचा झाला तर सातही पाट्या पुन्हा रंगवाव्या लागतील हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून आता अक्षरांचा थर वेगळ्या पीएनजी फाइलीत ठेवलाय, निदान खालचं चित्र तरी वाचेल.

राहिलं रुळावरचं चित्र. त्यावर वाद घालायला माझ्याकडे काहीच नाही. मी स्वतः रोज कल्याणहून लोकलने येते, गाडी मध्येच थांबली की डब्यात कशी शांतता पसरते ते मला ठाऊक आहे. तरी डोळ्यांत फुल्या काढून, जीभ बाहेर काढून तो माणूस रंगवला, कारण कार्टूनमध्ये तसंच काढतात. ते चित्र काढून टाकलंय. नव्या चित्रात माणूस नाही. रिकामा प्लॅटफॉर्म आणि डब्यांनी भरलेला एक क्रेट, जो कुणी उचललेला नाही. या पाटीवर शब्दही ठेवला नाही.

नवा बिल्ड परवा टाकलाय. दादरला हरलात तर कितव्यांदा ते कळवा.