नळ, संडास आणि तंबूपुरती जागा

सोलापुरात पर्यटनाचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. उजनीच्या पाण्यात बोटी हव्यात, काठाला रिसॉर्ट हवीत, एखादा मोठा हॉटेलवाला आणायला हवा. म्हणजे पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करणारी माणसं आपल्याकडे एक रात्र जास्त राहतील. आमच्या घरच्या ग्रुपवर सुट्ट्या जवळ आल्या की हा वाद पेटतो. दुसरी बाजू म्हणते, आपल्या माणसाला रिसॉर्ट परवडतंय कुठं? तो दर्शन घेणार, झाडाखाली डबा सोडणार आणि संध्याकाळच्या एसटीनं घर गाठणार. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहून दोन्ही बाजू वाचते. दोघांच्याही डोक्यात मुक्काम म्हणजे खोली, हे मात्र पक्कं आहे.

आमचं कुटुंब उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला जातं, तंबू घेऊन. मोठी सात वर्षांची, धाकटा तीन. स्वित्झर्लंड महाग आहे हे सांगायला नको, पण किती महाग ते आकड्यांतच कळतं. साध्या उपाहारगृहात एका माणसाचं जेवण पंचवीस फ्रँकच्या आसपास, आणि एक फ्रँक म्हणजे शंभराहून जास्त रुपये. ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखला आगगाडीनं जाऊन यायचं पूर्ण तिकीट उन्हाळ्यात दोनशे फ्रँकच्या वर. आम्ही तिथं जात नाही. धाकट्याला बर्फाच्या शिखरापेक्षा ओढ्यात दगड टाकण्यात जास्त रस आहे आणि ओढ्याला तिकीट नाही.

तंबूची जागाही फुकट नसते. लाउटरब्रुनेनसारख्या खोऱ्यात जुलैमध्ये चौघं, तंबू आणि गाडी धरून रात्रीचे साठ-सत्तर फ्रँक सहज जातात. गवताच्या एका तुकड्याचे सहा-सात हजार रुपये! महाबळेश्वरात एवढ्यात बरी खोली मिळेल, हे आमच्या दादाचं म्हणणं अगदी खरं. पण त्याच खोऱ्यात चौघांची खोली याच्या तिप्पट-चौपट पडते. आणि त्या पैशात नुसतं गवत मिळत नाही. गरम पाण्याची न्हाणीघरं, भांडी घासायला ओळीनं मांडलेली सिंकं, कपडे धुवायचं यंत्र, मुलांना झोके-घसरगुंडी. बऱ्याच ठिकाणी पाहुणे-कर भरला की एक कार्ड मिळतं, त्यावर आसपासच्या बस फुकट. रात्री दहानंतर आवाज नाही. संडास इतके स्वच्छ की तीन वर्षांच्या मुलाला एकट्याला आत सोडता येतं. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांनाच या वाक्याचं वजन कळेल.

बाकीची काटकसर बारीकसारीक आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना आगगाडीचं तिकीट नाही. त्याहून मोठ्या मुलासाठी तीस फ्रँकचं वर्षाचं कार्ड काढलं की आईबापासोबत बहुतेक गाड्या, बस आणि बोटी फुकट. महामार्गाचे चाळीस फ्रँक वर्षातून एकदाच भरायचे. किराणा सीमेच्या अलीकडे, जर्मनीतच भरून घ्यायचा, कारण पलीकडे तोच माल बराच महाग. मात्र २०२५ पासून माणशी दीडशे फ्रँकच्या वर माल नेला तर कर लागतो, आणि मांस माणशी एक किलोच. गावातल्या दगडी कारंज्यांचं पाणी, तसा मनाईचा फलक नसेल तर, बाटलीत भरून प्यावं. रानात जागोजागी चुलीची जागा केलेली असते, कित्येकदा शेजारी फोडलेली लाकडंही रचून ठेवलेली. मुलांना घेऊन सकाळीच चालून यायचं, कारण दुपारनंतर डोंगरात गडगडाट सुरू होतो. ट्र्युमेलबाखच्या धबधब्यात चार वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, म्हणून आम्ही जवळपास तीनशे मीटरवरून कोसळणाऱ्या श्टाउबाखखाली उभं राहतो. तेवढ्यानं मुलं खूश.

जुलैतही तिथं रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. थंडी अंगावरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. अंगाखाली सोलापुरी चादर आणि वर स्लीपिंग बॅग, हा आमचा शोध. जेवणाचं म्हणाल तर कडक भाकरीसारखं तंबूतलं अन्न जगात दुसरं नसेल. फ्रीज नको, चूल नको, महिनाभर काही होत नाही. दह्यात कुस्करा, वर शेंगाचटणी घ्या. शेजारच्या तंबूतल्या डच बाईंनी भाकरीचा तुकडा मोडून पाहिला, ‘हे बिस्कीट आहे का’ म्हणून विचारलं आणि दुसरा मागितला.

फोटो पाहून आत्याचा फोन आला होता. ‘अगं, दोघांचे एवढे पगार असून पालं टाकून राहता? लेकरांना थंडी नाही का वाजत? आणि लोकांना काय सांगू मी?’ थंडीची काळजी खरी होती, पण मुद्दा शेवटच्या वाक्यात होता.

मला नवल याचं वाटतं की हे सोलापूर जिल्ह्यातून ऐकायला मिळतं. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. आषाढात ज्ञानोबांच्या पालखीसोबत राहुट्यांचं गावच्या गाव रोज उठतं आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा वसतं. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी ६५ एकर जागेवर दिंड्यांना तंबूसाठी प्लॉट आखून देतात. तिथं पाणी येतं, दिवे येतात, संडास येतात. स्वित्झर्लंडमधल्या तंबूंच्या मैदानावर मला जे मिळतं त्याचा सांगाडा हाच, आणि आपण तो लाखांच्या गर्दीसाठी उभा करतो. त्या राहुटीत माझी आत्या स्वतः झोपलेली आहे. तेव्हा तिला कुणी काही विचारलं नाही. देवासाठी तंबूत राहिलं तर पुण्य आणि मुलांना घेऊन मजेसाठी राहिलं तर दरिद्रीपणा, असा हा हिशेब. आता त्यात तिसरा प्रकार आलाय: आत पलंग आणि एसी असलेला तंबू, खोलीच्याच भावानं. मधली जागा, म्हणजे पाच-सहाशे रुपयांत स्वच्छ संडास, नळ, सावली आणि तंबूपुरती सपाट जमीन, कुणी मागतही नाही.

हवामान तर आपल्याच बाजूनं आहे. आल्प्समधला तंबूचा उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, त्यातही पावसानं भिजलेला. सोलापुरात मे महिन्यात तंबूचं नावही काढू नये, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, रात्री गारवा, आकाश स्वच्छ. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम, नळदुर्गचा किल्ला, उजनीचा काठ. शनिवारी दुपारी निघून रविवारी परत यावं अशा अंतरावर सगळं.

स्वित्झर्लंडला स्वर्ग म्हणायची मला हौस नाही. तिथं मनात येईल तिथं तंबू ठोकता येत नाही. नियम प्रत्येक कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यात, वेगळे आणि संरक्षित जागी सरळ दंड. कचऱ्याची पिशवीसुद्धा बहुतेक गावांत कर भरून विकत घ्यावी लागते. आणि मैदानावरचे आम्ही सगळे गाडीवालेच. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला दोन मुलं आणि तंबू पाठीवर घेऊन येणं अवघडच. स्वस्त सहल म्हणजे गरिबाची सहल, असं मी म्हणणार नाही.

दादा ग्रुपवर लिहितो, ‘तिथं बसून बोलायला काय जातंय गं? इथं दोन दिवसांत संडासाची दारं जातील. दारू पिणारे येतील. बायका-पोरींना घेऊन कोण राहणार?’ हे मी उडवून लावत नाही. पण आमच्या त्या मैदानावर तरी जादू कुठं आहे? एक कुटुंब तिथंच राहतं, येणाऱ्याचं नाव लिहून घेतं, रात्री फाटक लावतं आणि दिवसातून अनेकदा संडास धुतं. पैसे बहुतांशी या राबण्याचे असतात. वारीची सोय चार दिवसांची असते, ती निभावते. बारा महिने तीच जागा राखायला पगारी माणूस लागतो, आणि आपल्याकडे उद्घाटनाला निधी असतो, झाडूवाल्याच्या पगाराला नसतो. दादाचा मुद्दा खरा तर हा आहे, पण तो त्याला ‘आपल्या लोकांची सवय’ म्हणतो.

त्याचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं पाहुण्यांच्या अंघोळीला कुठून आणणार? मी सांगितलं की आम्ही जातो तिथं शॉवर टोकनवर चालतो. काही मिनिटं झाली की पाणी बंद, मग डोक्याला साबण असला तरी. वीस तंबूंना किती टाक्या लागतील आणि पोहण्याच्या तलावासकट रिसॉर्टला किती, हे बोटी मागणाऱ्यांनी एकदा शेजारी शेजारी लिहून काढावं. अजून ग्रुपवर कुणी तो हिशेब टाकलेला नाही.