'आर्ट्सवाल्यांना पीएचडीला कोण पैसे देतं' म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, एक आमच्या एमएच्या बॅचचा, एक नेट-सेटचा, एक नातेवाईकांचा आणि एक चक्क भिशीचा. अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: आर्ट्समध्ये पीएचडीला फंडिंग नसतंच, ते सगळं सायन्सवाल्यांना, परदेशात करायची तर बापाकडे चाळीस लाख पाहिजेत, मराठी मीडियमवाल्यांनी स्वप्नंसुद्धा बघू नयेत, टक्के ऐंशीच्या खाली असतील तर नाद सोडा, आत ओळख असल्याशिवाय काही हलत नाही, आणि तिशी ओलांडली की दुकान बंद. शेवटी हात जोडल्याचे तीन इमोजी आणि 'सत्य कटू असतं'.

मी इतिहासात एमए, तालुक्याच्या गावातलं कॉलेज, मराठी मीडियम, एमएला ६३ टक्के. सध्या इंग्लंडमध्ये पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि फीचा एक रुपया भरलेला नाही. म्हणजे या मेसेजच्या हिशोबाने मी अस्तित्वातच नसायला पाहिजे. आता माझं झालं म्हणून सगळ्यांचं होतं असं म्हणणं पण तेवढंच भंपक, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'फंडिंग सायन्सवाल्यांना, आर्ट्सला काही नाही.' आधी आपल्याकडचंच बघू. नेट म्हणजे प्राध्यापकीची देशपातळीवरची परीक्षा, ती देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. गुणाकार करून बघा, पाच वर्षांचे बरोब्बर २४ लाख होतात. आणि हा आकडा केमिस्ट्रीवाल्याला जेवढा तेवढाच मराठीवाल्याला, फरक कुठे आहे तर कंटिन्जन्सीत, म्हणजे वरखर्चाच्या पैशात, आपल्याला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि सायन्सला १२,०००, ठीके, त्यांना टेस्ट ट्यूब लागतात. जेआरएफ हुकली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, केंद्राच्या एससी, एसटी, ओबीसी नॅशनल फेलोशिप आहेत, सामाजिक शास्त्रांसाठीची केंद्राची संस्था आयसीएसएसआर महिन्याला २०,००० देते, इतिहासवाल्यांसाठी आयसीएचआर आहे. केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय लागलात तर ८,००० मिळतात, त्यात दिल्लीत खोलीचं भाडंसुद्धा सुटत नाही हे मान्य, पण 'काही नाही' नाही ना. एक गोष्ट मात्र दरवर्षी कोणीतरी गोंधळतंच, सेट, म्हणजे राज्याची परीक्षा, पास झालात तर प्राध्यापकीची पात्रता मिळते, फेलोशिप नाही.

इंग्लंडमध्ये पण तेच. तिथे सरकारी संशोधन निधी युकेआरआय नावाच्या संस्थेकडून येतो आणि त्यातली आर्ट्स-ह्युमॅनिटीजची शाखा म्हणजे एएचआरसी. किमान स्टायपेंड विषय कुठलाही असो सारखाच, २०२५-२६ ला वर्षाला २०,७८० पौंड. म्हणजे कॅन्सरवर काम करणारी आणि लावणीवर काम करणारी, किमान आकडा दोघींना एकच. २०२१ पर्यंत आपल्याला यातलं पूर्ण पॅकेज मिळत नव्हतं, तेव्हापासून परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतं, पण एका बॅचमध्ये ३० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे दार उघडं आहे पण अरुंद आहे, आणि अरुंद दार आणि भिंत यात फरक असतो एवढंच माझं म्हणणं आहे.

'चाळीस लाख पाहिजेत.' हा आकडा आला कुठून माहितीये? मास्टर्समधून. एज्युकेशन लोनच्या जाहिराती, कन्सल्टन्सीवाले, शेजारच्या काकूंचा मुलगा, सगळे बोलतात ते मास्टर्सबद्दल, आणि मास्टर्सला खरंच पैसे ओतावे लागतात. पीएचडीचा व्यवहार उलटा आहे. अमेरिकेतल्या बऱ्या विद्यापीठात ह्युमॅनिटीजच्या पीएचडीला प्रवेश म्हणजे बहुतेक वेळा पाच-सहा वर्षं फी माफ, वर स्टायपेंड, बदल्यात काही सेमिस्टर बॅचलर्सच्या पोरांना शिकवायचं. स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्समध्ये तर पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरीच असते, जाहिरात निघते, पगार मिळतो, पगारी रजा मिळते. जर्मनीत सरकारी विद्यापीठात पीएचडीला फी जवळपास नसतेच, सेमिस्टरची किरकोळ वर्गणी असते.

इंग्लंडमध्ये मात्र एक खड्डा आहे आणि चाळीस लाखांच्या काही गोष्टी त्यातूनही वर येतात. तिथे प्रवेश वेगळा आणि फंडिंग वेगळं. विभागाला तुमचा विषय आवडला की ऑफर लेटर येतं, गावात पेढे वाटले जातात, कॉलेजच्या ग्रुपवर अभिनंदनाचं पोस्टर फिरतं, आणि मार्च-एप्रिलला कळतं की फंडिंगच्या यादीत नाव नाही, म्हणजे आता ती ऑफर स्वीकारायची तर फी स्वतः भरा. मग घरचे जमीन विकायची भाषा करतात. नका विकू. विनाफंडिंगची ऑफर म्हणजे नुसतं 'या बसा', चहा सुद्धा स्वतःच्या पैशाने. पुढच्या वर्षी परत अर्ज करा. युकेआरआयशिवाय स्कॉलरशिप पण आहेत, केंब्रिजला गेट्स आहे, ऑक्सफर्डला क्लॅरेंडन आहे, आपल्या लोकांसाठी फेलिक्स आहे. बहुतेकांच्या तारखा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास असतात आणि आपली पोरं जागी होतात एमएचा रिझल्ट लागल्यावर जुलैत, तोपर्यंत त्या वर्षीचं सगळं वाटून झालेलं असतं.

'मराठी मीडियमवाल्यांनी स्वप्नं बघू नयेत.' यावर मला राग येतो पण थोडं खरंही आहे, म्हणून राग गिळून लिहिते. नेटचा इतिहासाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत नाही, मी पहिल्या प्रयत्नात हिंदी वाचून इंग्रजी ताडत बसले आणि वेळ संपला. परदेशी बहुतेक ठिकाणी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७ च्या आसपास लागतात, तेही खरं. पण ७ म्हणजे काय शशी थरूर व्हायचं नाहीये, सहा महिने रोज वाचलं-लिहिलं की जमतं, आमच्या बॅचमधल्या तिघांना जमलं आणि आम्ही कोणीच बारावीपर्यंत इंग्रजीत सलग पाच वाक्यं बोललेलो नव्हतो.

खरी मेहनत आहे रायटिंग सँपलची, म्हणजे आपल्या संशोधनलेखनाच्या नमुन्याची. अमेरिकेत पंधरा-पंचवीस पानं मागतात, इंग्लंडमध्ये काही ठिकाणी. माझा एमएचा प्रबंध मराठीत होता, त्यातलं एक प्रकरण इंग्रजीत करायला मला तीन महिने लागले. तमाशातला 'वग' हा शब्द मी आधी 'फोक ड्रामा' करून टाकला होता, एका मॅडमनी वाचून फोन केला, म्हणाल्या, "अगं वगच ठेव की, आणि काय असतो ते दोन ओळीत सांग, तुझ्याकडे असलेली गोष्ट पुसून त्यांच्याकडे असलेली कशाला दाखवतेस?" मग सगळं परत केलं. आणि इथेच मीडियमवाला मुद्दा उलटतो बघा. मोडी वाचता येणं, बखरीतली मराठी कळणं, गावाकडची बोली कानात असणं, ही कौशल्यं तिकडचे संशोधक वर्षानुवर्षं खपून मिळवतात. एलेनॉर झेलियट, गेल ऑम्व्हेट, अ‍ॅन फेल्डहाउस ह्या बायका अमेरिकेतून येऊन मराठी शिकल्या आणि महाराष्ट्रावर आयुष्यभर काम केलं. आपल्याला जे फुकट मिळालंय ते अर्जात लिहायची लाज वाटते आपल्याला! मी पहिल्या वर्षी मोडीचं सर्टिफिकेट अर्जात टाकलंच नव्हतं, वाटलं हे काय सांगायचं.

'ऐंशी टक्के.' किमान अट असते, आपल्याकडे पीएचडीला एमएला ५५ टक्के, राखीव गटांना ५ टक्के सूट. तिकडेही अशी किमान रेष असते, मार्क चांगले असले तर बरंच, पण त्या रेषेच्या वर गेल्यावर वजन पडतं प्रपोजलचं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचं. यावर जरा सविस्तर लिहिते कारण बहुतेक अर्ज इथेच मरतात, माझा पण मेला होता.

पहिल्या वर्षी माझ्या प्रपोजलचं शीर्षक होतं 'एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील लोकसाहित्य: एक अभ्यास'. पाच ठिकाणी पाठवलं, पाचही ठिकाणी नकार. आता वाचते तेव्हा हसू येतं. शतक अख्खं, महाराष्ट्र अख्खा, लोकसाहित्य अख्खं, आणि 'एक अभ्यास'. प्रश्न कुठेच नाही. आपल्याकडे विषय असतो, प्रश्न नसतो, आणि निवड करणारे प्रश्न शोधत असतात.

दुसऱ्या वर्षीचा प्रश्न आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सापडला. पोवाड्याची एक पुस्तिका, सोळा पानं, गुलाबी पातळ कव्हर, एका कोपऱ्याला वाळवी, किंमत दीड आणा, मागच्या पानावर त्याच छापखान्याच्या बाकीच्या पुस्तिकांची यादी. जत्रेत विकायच्या त्या. मी विचार केला की ज्या काळात गावात वाचता येणारा एखाद-दुसराच, तेव्हा हे छापून विकणं परवडत कसं होतं, घेत कोण होतं, एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं असं होतं का. मग कळलं की १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारला द्यावी लागायची, आणि त्या तिमाही याद्यांत रकानेच आहेत, छापखाना कुठला, पानं किती, आवृत्ती कितवी, प्रती किती, किंमत किती. त्या याद्या आणि त्यातली कितीतरी पुस्तकं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आता 'इंग्लंडलाच का' याचं उत्तर आपोआप मिळालं, 'जागतिक दर्जाचं शिक्षण घेण्याची माझी इच्छा आहे' असलं काही लिहावं लागलं नाही. काळ कापला, वीस वर्षांवर आणला. शहरं दोनच ठेवली, पुणे आणि मुंबई. मार्क तेच ६३ होते.

'ओळख लागते.' याचं कारण मला वाटतं असं की कोणीतरी सांगतं 'अर्जाआधी प्रोफेसरशी बोलून घ्या' आणि आपल्याला तो वशिला वाटतो, कारण आपल्याकडे बोलून घेणे याचा अर्थच तो आहे. तिकडे, निदान इंग्लंड-जर्मनीत, ती रीतच आहे. चार ओळींचा मेल, माझा प्रश्न हा, साधनं ही, तुमचं अमुक काम वाचलंय, तुम्ही नवीन विद्यार्थी घेताय का. मी अकरा मेल केले, सात जणांनी उत्तरच दिलं नाही, तिघांनी गोड शब्दात नाही म्हटलं, एकीने 'प्रपोजल पाठव' म्हटलं. त्या एकीला मी त्याआधी जन्मात भेटले नव्हते. अमेरिकेत तर कमिटी ठरवते, एकट्या प्रोफेसरच्या हातात फार नसतं.

ओळखीचा खरा घोळ आपल्याच बाजूला आहे, शिफारसपत्रात. आमच्या एका सरांनी मला सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." किती जणांनी हे ऐकलंय हात वर करा. शिवाय बऱ्याच ठिकाणी पत्र थेट सरांच्या कॉलेजच्या ईमेलवरून मागतात आणि सरांना कॉलेजचा ईमेल नाही, असला तर पासवर्ड क्लार्ककडे, आणि क्लार्क इलेक्शन ड्युटीवर. हे दोन महिने आधी सोडवा, आदल्या रात्री नाही.

'तिशीनंतर दुकान बंद.' जेआरएफला ३० ची मर्यादा आहे, मुलींना आणि राखीव गटांना पाच वर्षं सूट. नुसत्या पीएचडीला वयाची अट नाही. इंग्लंड-अमेरिकेत सहसा विचारतही नाहीत, माझ्या शेजारच्या टेबलावर ५२ वर्षांच्या एक बाई आहेत, मध्ययुगीन भरतकामावर काम करतायत. झालं.

आता त्या मेसेजवाल्याने जे लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही ते मी लिहिते, कारण काळजी करण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेत सध्या जागा आटतायत, बॉस्टन विद्यापीठाने २०२५ च्या बॅचसाठी ह्युमॅनिटीज-सोशल सायन्सच्या डझनभर पीएचडींचे प्रवेश थांबवले, २०२५ च्या ऑगस्टमध्ये शिकागो विद्यापीठाने आर्ट्स-ह्युमॅनिटीजमधल्या बऱ्याच विभागांचे पुढच्या वर्षीचे. त्यामुळे सगळी अंडी अमेरिकेच्या टोपलीत नकोत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप एससी, भटक्या-विमुक्त वगैरे विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला मिळते, तिच्यात २०२२ साली नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत, म्हणजे दलित चळवळीचा इतिहास परदेशात अभ्यासायचा तर दलित विद्यार्थ्याला ही स्कॉलरशिप नाही, यावर मात्र एकाही ग्रुपवर हात जोडल्याचे इमोजी दिसले नाहीत मला. आपल्याकडे फेलोशिप मंजूर होऊन हप्ते महिनोन्‌महिने अडकतात, पोरं उपोषणाला बसतात. आणि इंग्लंडला पूर्ण फंडिंग मिळूनसुद्धा व्हिसाच्या वेळी आरोग्याचा सरचार्ज एकरकमी भरावा लागतो, वर्षाला ७७६ पौंड, चार वर्षांचे ३,१०४, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास, काही विद्यापीठं परत देतात, माझ्या विद्यापीठाने दिला नाही, आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, आत्ता गेल्या दिवाळीत सुटल्या.

हा मेसेज मला पाठवणाऱ्यांत आमच्या गावची एक पोरगी पण होती, खाली लिहिलं होतं 'ताई खरंय का हे?' तिला म्हटलं आधी तुझं प्रपोजल पाठव, मग बोलू. काल रात्री आलं. विषय भारी आहे, गावच्या यात्रेतल्या सोंगांचे मुखवटे कोण बनवायचं आणि त्याचं बलुतं किती मिळायचं, आजोबांकडे वही आहे म्हणे हिशोबाची. शीर्षकात शेवटी 'एक अभ्यास' आहेच. ते तेवढं खोडून परत पाठवलंय.