पैलवानाने वजन मारावं: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

‘पैलवानाने जिमची वजनं उचलू नयेत’ हा मेसेज यात्रांचा हंगाम आला की कुस्तीच्या ग्रुपवर फिरतो. आजवर मी तो वाचून सोडून देत होतो. या वेळी तो दाजींपर्यंत पोचला आणि त्यांनी भाच्याचं बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनं लावलेला लोखंडी दांडा, बंद करून टाकलं. पोरगं १६ वर्षांचं आहे, ५५ किलो गटात खेळतं, कोच त्याच्याकडून आठवड्यातून दोनदा वजन मारून घेतात. चांगलं चाललेलं एका मेसेजवरून थांबलं, म्हणून लिहितोय.

मेसेजचा सारांश असा: पैलवानाने जिमच्या वजनांना हात लावू नये. अंग जड होतं, चपळाई जाते. अंग आखडतं, डाव बसत नाहीत. वाढत्या वयात उंची खुंटते. कंबर आणि गुडघे कामातून जातात. गामा पैलवान रोज ५००० बैठका मारायचा, त्याने कधी वजन उचललं नाही. जोर, बैठका आणि खुराक एवढंच खरं, बाकी सगळं परदेशी खूळ.

गामापासूनच सुरुवात करतो, कारण मेसेजमधली सगळ्यात धडधडीत खोटी गोष्ट तीच आहे आणि लोक नेमके त्यालाच भुलतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात गामाची हसली ठेवलेली आहे. मधोमध भोक असलेलं ते कडं ९५ किलोचं आहे. ते गळ्यात घालून तो बैठका मारायचा. म्हणजे ज्याच्या नावावर ‘वजन मारू नका’ सांगताय, तो माणूस ९५ किलो मानेवर घेऊन बसत-उठत होता. आजची पोरं बारबेल खांद्यावर घेऊन करतात ते यापेक्षा वेगळं काय आहे? बारबेल उलट सोपा. वजन दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि थोडं थोडं वाढवता येतं.

लांब पतियाळाला जायचीही गरज नाही. आपल्याकडच्या जुन्या तालमीत कोपऱ्यात बघा. दगडी नाल असते (मूठ धरून उचलायचा जड दगड), संतोळा असतो (जड लाकडी ओंडका), करेल असते (फिरवायचं जड मुद्गल), गदा असते. ही हत्यारं आपल्या आजे-पणजोबांनी शोभेला ठेवली नव्हती. नाल उचलण्याच्या पैजा गावोगाव लागायच्या. जड उचलणं ही आपलीच परंपरा आहे. ती मोडीत निघाली, दगड कोपऱ्यात पडून राहिले, नुसत्या जोर-बैठका उरल्या, आणि आता त्या उरलेल्या अर्ध्यालाच ‘खरी परंपरा’ म्हणायचं? मला याचा मनापासून राग येतो.

जोर-बैठकांबद्दल मला आदरच आहे, मी स्वतः त्यावरच वाढलो. पण त्यांनी काय मिळतं ते नीट समजून घ्या. ज्या पोराला ५०० बैठका सहज जातात, त्याने १००० मारल्या तर त्याचा दम वाढेल, मांड्या चिवट होतील. ताकद मात्र जिथे होती तिथेच राहील. शरीर ताकद वाढवतं ते भार वाढला की. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८० ते ८५ टक्के घ्यायचं, तीन ते पाच वेळा मारायचं, मग चांगली तीन मिनिटं बसायचं. दहाव्या मिनिटाला घाम फुटत नाही म्हणून आपल्या लोकांना ही मेहनतच वाटत नाही.

कुस्तीत ही ताकद लागते कुठे? एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, काढताना बघा. पोराने पाय धरलेला आहे, एक गुडघा मॅटवर टेकलेला आहे. समोरच्याने पाय मागे फेकून सगळा भार मानेवर आणि पाठीवर टाकलाय. आता पाय न सोडता, पाठ न वाकवता उठून उभं राहायचं. हे एकदाच करायचंय, अर्ध्या सेकंदात करायचंय, आणि वर जवळजवळ स्वतःएवढं वजन आहे. तिथे ५०० बैठकांचा दम कामी येत नाही. उठता आलं तर गुण, नाही तर समोरचा मागे फिरून गुण घेतो. माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी चांगली पोरं इथेच अडकलीत. पट अचूक लागतो, पण उचल नसते. मॅटवर मोठ्यांच्या गटातही तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या, त्यात असे प्रसंग मोजके येतात आणि कुस्ती त्यांच्यावरच फिरते.

‘अंग जड होतं, आखडतं’ याला उत्तर आपल्या सांगलीतच आहे. संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य जिंकलं. गट ५५ किलोचा, उचललं एकूण २४८ किलो: स्नॅचमध्ये (एका झटक्यात थेट डोक्यावर) ११३, क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५. आयुष्यभर जड वजन मारून पोरगा ५५ किलोतच होता. ताकद आधी वाढते ती नसा आणि स्नायूंचा मेळ सुधारल्यामुळे. अंग फुगवायला वेगळा व्यायाम आणि वेगळं खाणं लागतं. आणि स्नॅच एकदा नीट बघा. पूर्ण खाली बसायचं, हात डोक्यावर सरळ, त्या हातांत स्वतःच्या दुप्पट वजन. आखडलेल्या अंगाला ते जमेल का? त्याच स्पर्धेत संकेतच्या कोपराला दुखापत झाली हेही खरं आहे, कुणीतरी म्हणायच्या आत मीच सांगतो. पण तो पदकासाठी आपल्या ताकदीच्या शेवटच्या टोकाला उचलत होता. पैलवानाला तिथवर जायचं कारणच नाही.

उंची खुंटण्याचा मुद्दा पालकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, म्हणून स्पष्ट लिहितो: जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने वजन मारल्याने मुलांची वाढ थांबते याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची हीच भूमिका आहे. आणि एक सांगा, तालमीत हीच १६ वर्षांची पोरं जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारतात, पायऱ्या चढतात. तो ६० किलोचा जोडीदार हलतो, एका बाजूला कलतो, हसतो. ते आपल्याला चालतं. रॅकमध्ये ठेवलेलं, न हलणारं ४० किलो मात्र चालत नाही?

राहिला दुखापतींचा मुद्दा. इथे मेसेज चुकीचाच नाही तर घातक आहे, कारण जे पोरांना वाचवतं तेच तो बंद करायला सांगतो. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २०१४ साली डॅनिश संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी २५ चाचण्या आणि २६,६१० माणसांची माहिती एकत्र करून बघितली. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये खेळातल्या दुखापती एक तृतीयांशापेक्षाही कमी उरल्या. नुसत्या स्ट्रेचिंगने काहीच फरक पडला नाही. त्यात पैलवानांचा वेगळा हिशोब नाही आणि सगळेच जड वजन मारत होते असंही नाही. पण दिशा इतकी स्पष्ट असताना गुडघा वाचवण्यासाठी वजन सोडा आणि बैठकाच वाढवा, हा सल्ला कोणत्या आधारावर देताय?

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे ते मान्य करायला हवं. बॉडीबिल्डिंगचं वेळापत्रक पैलवानाच्या कामाचं नाही. दंड आणि छाती फुगवून वजन गट चढला आणि ताकद तेवढीच राहिली, तर पोराचं नुकसानच आहे. महाराष्ट्र केसरी गटात, ८६ ते १२५ किलोत, अंग वाढवायला जागा असते; ५५ वाल्याला नसते. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून, पाठ वाकवून डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) मारली तर कंबर जाणारच. सकाळी जड बैठक आणि संध्याकाळी पूर्ण ताकदीची लढत ठेवली तर पाय उचलत नाहीत, आणि लोक म्हणतात वजनामुळे चपळाई गेली. ती गेलेली नसते, पोरगं थकलेलं असतं. ताकदीचा आणि दमाचा व्यायाम एकत्र जास्त झाला की ताकद नीट वाढत नाही, हे १९८० पासून अभ्यासात दिसत आलंय.

दाजींना मी सांगितलंय आणि इथेही लिहितो. आठवड्यातून दोन दिवस पुरतात. पहिल्या महिन्यात २० किलोच्या रिकाम्या दांड्यावर बसणं-उठणं शिकायचं, कोच शेजारी उभे असताना. उचल, बैठक, ओढ आणि मानेचा व्यायाम, एवढे चार प्रकार बास. प्रत्येक सेटला अजून दोन वेळा उचलता आलं असतं एवढी शिल्लक ठेवायची. जोर-बैठका चालूच राहू द्या, त्या दमासाठी हव्यातच. आणि मैदानाच्या आधी तीन दिवस जड वजन बंद.