त्याच्या हातात तुतारी आहे की पिपाणी?

सकाळचा पेपर वाचताना चुकूनही मोठ्यानं हसू नये. हसलं की पलीकडच्या खुर्चीतून हात पुढे येतो, पेपर ओढला जातो, चष्मा कपाळावरून नाकावर उतरतो आणि अर्ध्या मिनिटानं प्रश्न येतो: "यात हसण्यासारखं काय आहे?" एका कॉलमाचं, आगपेटीपेक्षा थोडं मोठं पॉकेट कार्टून. खाली दोन ओळी. ते समजावून सांगायला मला हल्ली दोन कप चहा लागतो.

पूर्वी असं नव्हतं. आर. के. लक्ष्मण यांचं 'यू सेड इट' 1951पासून रोज येत होतं. त्यातला मंत्री हा नुसता मंत्री असायचा: गांधी टोपी, सुटलेलं पोट, मागे फायली धरलेला सचिव. कोपऱ्यात चौकड्याच्या कोटातला आणि धोतरातला कॉमन मॅन, तोंडातून अवाक्षर नाही. मंत्र्याचं नाव, पक्ष, गट काही ठाऊक नसलं तरी अडत नसे. गोव्याच्या मारिओ मिरांडांनी तर जातच पक्की करून टाकली होती. मंत्री म्हणजे बुंदलदास, सिनेनटी म्हणजे मिस निंबूपानी. बुंदलदासचा पक्ष कोणता, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. पोट बघितलं की कळायचं.

आता पोटावर भागत नाही. पोट सगळ्यांचं सारखंच आहे, पक्ष मात्र आठवड्याला तपासून घ्यावा लागतो. आजच्या कार्टूनमधला विनोद साधा असतो: एक नेता दुसऱ्याला म्हणतो, "तुम्ही मूळचे कुठले?" संपलं. पण हा 'मूळचे' शब्द उलगडायला 2019च्या नोव्हेंबरात जावं लागतं. तिथून 2022चा जून, शिवसेनेची फूट, सुरत, गुवाहाटी. तिथून 2023चा जुलै, राष्ट्रवादीची फूट. मध्येच समोरचा विचारतो, "मग हा त्याच्याबरोबर गेला होता ना?" गेला होता. "मग आता त्याच्या विरोधात कसा?" इथे पहिला कप संपतो.

दुसरा कप चिन्हांवर जातो. पक्ष फुटला की नेत्याचा चेहरा तोच राहतो, म्हणून व्यंगचित्रकाराला ओळख पटवायला चिन्ह काढावं लागतं. उपरण्याच्या रंगावर काम भागलं असतं, पण काळ्या-पांढऱ्या पानावर भगवं, हिरवं, निळं सगळी उपरणी एकाच करड्या रंगाची. मग चिन्ह. शिवसेना फुटल्यावर ऑक्टोबर 2022मध्ये एका गटाला मशाल मिळाली, दुसऱ्याला ढाल-तलवार. ढाल-तलवार कशी काढायची हे हाताला बसतंय तोवर, फेब्रुवारी 2023मध्ये, त्याच गटाला धनुष्यबाण मिळाला. चार महिन्यांचा सराव फुकट. राष्ट्रवादीत घड्याळ एकाकडे राहिलं आणि दुसऱ्याला फेब्रुवारी 2024मध्ये 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळाला.

हा तुतारी वाजवणारा माणूस चित्रकारांच्या पोटावर पाय आणणारा आहे. घड्याळ सोपं: एक गोल, दोन काटे. मशाल सोपी: काठी आणि वर जाळ. तुतारीला बाक हवा. तो बाक नीट आला नाही आणि नळी सरळ गेली की झाली पिपाणी. आगपेटीएवढ्या चौकटीत नेता दोन सेंटिमीटरचा, त्याच्या हातातली तुतारी अर्ध्या सेंटिमीटरची, आणि त्यात बाक दाखवायचा. जाड निबानं काढलं तर बाक भरून जातो, बारीक निबानं काढलं तर छापताना उडतो. निवडणूक आयोगाच्या यादीतही हा घोळ होताच. 'ट्रम्पेट' या वेगळ्या चिन्हाचं मराठी भाषांतर तिथे 'तुतारी' असंच केलेलं होतं. 2024च्या लोकसभेला साताऱ्यात तुतारीवाले 32 हजारांवर मतांनी हरले, आणि ट्रम्पेट, म्हणजे पिपाणी, घेऊन उभ्या राहिलेल्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली. मतदान यंत्रापुढे उभं राहून ज्यात लोकांची गल्लत झाली म्हणतात, ते मी चहा पिता पिता अर्ध्या सेंटिमीटरमध्ये समजावून द्यावं, अशी पलीकडच्या खुर्चीची अपेक्षा असते.

शेवटचा उपाय म्हणजे कोटावर नावच लिहून टाकणं. बरेच जण ते करतात. माझ्या मते ती शरणागती आहे, पण दोष देववत नाही.

त्यात वेळेचं गणित. पेपर रात्री एकदाच छापत नाहीत. लांबच्या तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती आधी निघते, शहर आवृत्ती सगळ्यात शेवटी. बातमी रात्री उशिरा बदलली तर शहर आवृत्तीत मथळा फिरवता येतो. कार्टून मात्र संध्याकाळी काढून दिलेलं असतं. ते फिरवता येत नाही, फार तर काढून त्या जागी जाहिरात लावता येते. बरं, मथळाही प्रत्येक वेळी हाती लागतोच असं नाही. 23 नोव्हेंबर 2019च्या सकाळी दारात पडलेल्या पेपरांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशी ठळक बातमी होती. राष्ट्रपती राजवट पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठली होती आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीसांची शपथ टीव्हीवर दिसत होती. एका हातात पेपर, समोर टीव्ही, आणि दोन्हीकडे वेगवेगळा महाराष्ट्र. बरं, पेपर चुकला म्हणावा तर तसंही नाही. फडणवीसांनी 26 तारखेला राजीनामा दिला आणि 28 तारखेला ठाकऱ्यांची शपथ झाली. म्हणजे त्या दिवशीचा पेपर शिळा नव्हता, पाच दिवस आधी आला होता.

रंगीत पानावर कार्टून असेल तर आणखी एक भानगड. चार शाईंच्या चार प्लेटा एकमेकींवर बरोबर बसल्या नाहीत की रजिस्टर हलतं. लाल उपरणं गळ्यातून निसटून शेजारच्या माणसाच्या खांद्यावर जातं. मग, "हा पण तिकडे गेला का?" नाही हो, हा छपाईचा दोष आहे. पण मी तरी कशाच्या भरवशावर सांगू? तोवर गेलाही असेल.

आता गंमत बघा. हेच माणूस, ज्याला तीन वर्षांपूर्वीचं सरकार आठवत नाही, ते पुरवणीचं गुळगुळीत पान उघडतं आणि एका अक्षराची मदत न घेता वाचतं. कोणाची कोण, कोणाचं पहिलं लग्न, कोणी कोणाला अनफॉलो केलं, सगळं तोंडपाठ. 'एअरपोर्ट लूक' हा त्या पानाचा रोजचा भात. चार फोटो, वीस-पंचवीस शब्द: ढगळ जॅकेट, काळा गॉगल, बॅगेची किंमत. 'अभिनेत्री विमानतळावर स्पॉट झाली' असं लिहितात, जणू ती वाघीण आहे आणि ताडोब्याच्या पाणवठ्यावर अचानक दिसली. फोटोग्राफर तिच्या आधी येऊन बसलेले असतात, ही गोष्ट फोटोच्या बाहेर राहते. कार्टूनमध्ये हजार शंका काढणारं आमचं घर इथे एकही काढत नाही.

मात्र नीट ऐकलं तर पुरवणी आणि पहिलं पान एकाच भाषेत बोलतात. घरबसल्या करून बघा. मथळ्यातल्या नावावर अंगठा ठेवा आणि उरलेलं मोठ्यानं वाचा. 'अखेर मौन सोडलं.' 'नाराजीच्या चर्चांना उधाण.' 'बंद दाराआड तासभर खलबतं.' 'पुन्हा एकत्र येणार?' 'स्पष्टच म्हणाले…' अंगठा उचलल्याशिवाय घटस्फोट आहे की युती, हे सांगून दाखवा. 'नॉट रिचेबल' हा शब्द तेवढा राजकारणाचा खास. नटी फोन उचलत नसेल तर ती शूटिंगमध्ये असते, आमदार उचलत नसेल तर तो बसमध्ये असतो आणि बस राज्याबाहेर चाललेली असते. एकदा सलग आठवडाभर हा अंगठ्याचा खेळ घरात लावून पाहिला. दहात चार-पाच बरोबर येतात, म्हणजे छापा-काटा केल्यासारखंच.

या सगळ्यात एकटी चित्रमालिका सज्जन. 'चिंटू' 1991मध्ये सुरू झाला आणि आजही शाळकरीच आहे. परदेशातला, 'डेनिस द मेनेस' या पट्टीतला डेनिस 1951पासून साडेपाच वर्षांचा आहे. तिथे कालचा भाग वाचला नाही म्हणून आजचा अडत नाही. कोणी गट बदलत नाही. अडचण येते ती भाषांतरित पट्ट्यांत. तो फुगा इंग्रजी अक्षरांच्या मापानं काढलेला असतो. आपल्याला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून प्रत्येक ओळीला जास्त उंची हवी. तीन ओळींच्या जागेत दोनच मावतात, तिसरी कापली जाते, आणि ती तिसरीच विनोदाची असते. इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांतून वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मराठीत भारदस्त बोलायचा. पट्टीत त्याला तेवढी जागा मिळत नाही, अर्धं वाक्य बोलून तो घोड्यावर बसतो.

दुपारी तोच पेपर मेथी निवडायला पसरतात. गुळगुळीत पुरवणी इथे कामाची नाही. ती पाणी शोषत नाही, ओल्या जुड्या तिच्यावरून घसरतात, म्हणून ती फडताळात डब्यांखाली जाते आणि नटी सहा-सहा महिने हळदीच्या डब्याखालून हसत राहते. मेथीला लागतं ते साधं पान. जुडी ओली असली की शाई सुटते, म्हणून निवडलेली पानं थेट चाळणीत टाकायची, कागदावर ढीग करायचा नाही. देठं बाजूला सारता सारता खालून ते कार्टून वर येतं. शाई पसरून त्या अर्ध्या सेंटिमीटरला आपोआप बाक आलेला असतो.

"अगंबाई, तुतारी आहे होय ही," पलीकडून आवाज येतो, आणि हसू. मग देठ खुडता खुडता पुढचा प्रश्न: "पण हा तर घड्याळवाला ना?"