अबोला आणि बिबट्या

मी वाचते त्या इंग्रजी प्रेम-रहस्य कादंबऱ्यांतल्या नायकाला गोळी लागते ती खांद्याला. पोटात नाही, गुडघ्यात नाही. खांद्याला, आणि तीही अशा बेताने की मिठी मारता येते, पण शर्ट मात्र काढावाच लागतो. बाहेर बर्फ पडत असतं. डोंगरातल्या लाकडी घरात नायिका एकटीच, कारण तीन वर्षांपूर्वी याच माणसाला सोडून ती इथे येऊन राहिलेली असते. फोनची तार कुणीतरी कापलेली असते. दार वाजतं. दारात हा. "तू?" ती म्हणते. "आधी दिवे मालव," तो म्हणतो. मग दोनशे पानं खुनी या दोघांच्या मागावर, आणि त्या धावपळीत मोडलेला संसार आपोआप सांधत जातो. घटस्फोटाचे कागद टेबलाच्या खणात तयार असतात, फक्त सही राहिलेली असते. एवढ्या कर्तबगार बाईला तीन वर्षांत पेन सापडलेलं नसतं.

हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि तरीही मी वाचते. कुणी मालिका बघतं, कुणी भिशी लावतं, मी हे वाचते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. एवढ्या वयोवृद्ध संस्थेत जाऊन "खांद्याला गोळी लागलेलं काही नवीन आलंय का हो?" असं विचारायचा मला धीर होत नाही. म्हणून मी आपली जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून गठ्ठ्याने उचलते. त्यात फायदा असा की आधीच्या वाचकिणीने कुठे पान दुमडलंय त्यावरून चुंबन कुठे आहे ते कळतं.

हा धंदा मात्र अगदी शिस्तीचा आहे. प्रेमकथांसाठी गाजलेली लंडनची प्रकाशनसंस्था 'मिल्स अँड बून' १९०८ सालची. कॅनडातली 'हार्लेक्विन' १९४९ साली निघाली आणि १९७१ मध्ये तिने 'मिल्स अँड बून'लाच विकत घेतलं. मग १९८४ साली हार्लेक्विनने 'इंट्रिग' नावाची स्वतंत्र मालिका काढली, म्हणजे प्रेम अधिक खून. साधारण ५५ हजार शब्दांत खुनी सापडला पाहिजे आणि नवराबायकोही एकमेकांना सापडले पाहिजेत. आपल्याकडे ही दोन खाती वेगळी होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या आमचे वडील वाचायचे. आई वाचायची त्या कादंबऱ्यांत नायिका नुसतीच सोसायची. रिव्हॉल्व्हर आणि हुंदका एकाच पुस्तकात मिळतो, हे मला फार उशिरा कळलं.

गंमत म्हणजे त्याच १९८४ साली आपल्या संसदेने कुटुंब न्यायालय कायदा केला. त्याचं नववं कलम सांगतं की निकालाकडे वळण्याआधी न्यायालयाने दोघांत समेट घडवून आणायचा प्रयत्न करावा. म्हणजे बिनसलेल्या जोडप्यांचं काय करायचं हा प्रश्न एकाच वर्षी दोन्हीकडे पडला होता. त्यांनी मागे बंदूकवाला लावला, आपण समुपदेशक नेमला. समुपदेशकाकडे जाऊन आलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं मत बंदूकवाल्याच्या बाजूने पडलं.

आमचं प्रकरण अर्थातच न्यायालयापर्यंत जाण्यातलं नाही. मराठी घरात विभक्त होणं म्हणजे वेगळं राहणं नव्हे. तेवढी भाडी परवडतात कुणाला? त्याच दोन खोल्या, तोच ओटा, तीच चादर आणि अबोला. झालं ते असं, की ह्यांच्या आत्याचा फोन आला होता. हे पेपर वाचता वाचता बोलत होते, म्हणून फोन स्पीकरवर. आत्यांनी माझी चौकशी केली. त्यावर हे म्हणाले, "ती मजेत आहे. दिवसभर गोळीबार वाचत असते." आत्या हसल्या. मी तेव्हा ह्यांच्याच डब्याच्या पोळ्या लाटत होते. शेवटची पोळी भाजली, डबा भरला, ओट्यावर जरा जोरात ठेवला आणि बोलणं बंद केलं.

अबोल्याचेही नियम असतात. जेवण वाढायचं, पण 'घ्या' म्हणायचं नाही. तूप मागायचं नाही, वाटीकडे बघत राहायचं. पूर्वी निरोप्याचं काम मुलांकडे असायचं, "बाबांना सांग, पान वाढलंय." आमची मुलगी शिकायला पुण्यात, त्यामुळे आता सगळा कारभार घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. मी लिहिलं, "सिलिंडर संपत आला आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी." ह्यांनी अंगठा दाखवला. मुलीने पुण्याहून विचारलं, "आई, बाबा तुझ्या शेजारीच बसलेत ना?" बसले होते. एकाच सोफ्यावर, मधे उशी.

अशात हातात ती कादंबरी असली की डोकं नको तिकडे चालतं. मला वाटायला लागलं, आमच्यात कमी आहे ती फक्त संकटाची. याला शास्त्राचाही थोडा आधार आहे. १९७४ साली डटन आणि ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. खाली सुमारे ७० मीटर खोल दरी, आणि पूल हलणारा. तिथे एक तरुणी पुरुषांना गाठून काही प्रश्न विचारायची आणि शेवटी आपला फोन नंबर द्यायची. तिचा नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी तिला नंतर फोन केला. शेजारच्या भक्कम, बुटक्या पुलावर १६ जणांनी नंबर घेतला, फोन केला दोघांनी. भीतीने छाती धडधडते आणि माणूस त्याला प्रेम समजतो, असं त्यांचं म्हणणं. मी फार आशेने वाचलं. मग लक्षात आलं की प्रयोगात एकटे आलेले पुरुषच घेतले होते. बायको सोबत असती तर पुलावर ती म्हणाली असती, "तरी मी सांगत होते, इकडून नको."

तरी मी नाशिकमध्ये उपलब्ध असलेल्या संकटांचा मनातल्या मनात आढावा घेतला. पहिला अर्थातच गोदावरीचा पूर. पण नाशिककराला पुराची भीती वाटत नाही, उत्सुकता वाटते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते बघायला निघतं. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत पोचलं, असं एकमेकांना सांगत भजी खातं. २०१६ च्या ऑगस्टात मोठा पूर आला तेव्हा आम्ही दोघंही गेलो होतो. त्या वेळी आमच्यात सगळं सुरळीत होतं. गाडी कुठे लावायची यावरून परत येईपर्यंत बिनसलं.

आणि खरं बघितलं तर या गावाचं मूळ कथानकच उलटं आहे. पंचवटीत नवराबायको पर्णकुटीत सुखाने राहत होते. संकट आलं ते त्यांना एकत्र आणायला नव्हे, तोडायलाच आलं, आणि आलं ते किती देखण्या रूपात! सोन्याचं हरीण. आमच्याकडे तेही जमायचं नाही. मी ह्यांना हरणामागे धाडलं असतं तर हे शेळी घेऊन आले असते. कोथिंबीर सांगितली की शेपू आणणारा माणूस.

राहता राहिला बिबट्या. आम्ही गंगापूर रोडच्या अंगाला राहतो. इकडे नदीकाठचे मळे आणि ऊस. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीत दिसायला लागतो. ही थट्टा नाही, माणसं जखमी झाली आहेत. संध्याकाळ पडली की आमच्याकडे लहान मुलांना आत बोलावतात ते उगीच नाही.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: मागच्या बंगल्याच्या आवारात बिबट्या शिरलाय, कुणी खाली उतरू नका, लिफ्ट वापरू नका. बिबट्याचा आणि लिफ्टचा संबंध काय, हे त्या घाईत कुणी विचारलं नाही. मी गच्चीचं दार लावलं आणि कपड्यांची रास छातीशी धरून जिना उतरायला लागले. तेवढ्यात वीज गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खालून एक बॅटरी वर आली. बॅटरीमागे हे. डोक्यावर हेल्मेट तसंच, काच खाली ओढलेली, एका हातात दुधाच्या पिशव्या.

सांगते, क्षणभर माझ्याही छातीत धडधडलं. अंधार, मागावर श्वापद, आणि समोर आपला दुरावलेला नवरा. कादंबरीत इथे प्रकरण संपतं. ह्यांनी काच वर केली आणि कठड्याला विचारलं, "गच्चीचं दार लावलंय का कुणी?" मी कपड्यांना सांगितलं, "लावलंय." माझ्या राशीतून टॉवेल घसरत होता. तो ह्यांनी दुधाच्या हातानेच सावरला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. खांदाच! आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. काहीतरी बोललं जाणार, असं अगदी वाटत होतं.

आणि समोरचं दार उघडलं. "अगं बाई, बाहेर काय उभे दोघं? आत या, आत या!"

त्या लेखिकांचं सगळं साधतं ते इथे. तिथे बर्फात दहा मैल माणूस नसतो. खुनी सोडला तर त्या जोडप्याला त्रास द्यायला कुणीही येत नाही. आपल्याकडे संकट आलं की त्याच्याआधी शेजारी पोचतात. काकूंच्या हॉलमध्ये मेणबत्तीच्या उजेडात बारा माणसं बसली होती. चहा उकळत होता, चिवड्याचा डबा फिरत होता. एक आजोबा कुठल्याशा दुसऱ्या गावातल्या बिबट्याचा जुना व्हिडिओ "आत्ताचा, आपल्या गल्लीतला" म्हणून दाखवत होते. कुणाचं तरी बाळ सारखं "भूभू" म्हणत होतं आणि कुणीही त्याचं ऐकत नव्हतं. मला बायकांत बसवलं, ह्यांना पुरुषांत. मधे टीपॉय.

चहा झाल्यावर ह्यांना कंठ फुटला. "बिबट्याचं मला नवीन नाही," हे सगळ्यांना सांगायला लागले. "दोन हजार तीन साली आम्ही पंचवटीत राहायचो, तेव्हा एकदा रात्री…"

बायको इतर सगळं सोसते. आत्याचं सोसते, गोळीबाराचं सोसते. पण भरल्या घरात नवरा चुकीचं साल सांगतोय आणि माणसं माना डोलावतायत, हे मला सोसेना.

"दोन हजार तीन नाही," मी म्हणाले. "तेव्हा आपण सिडकोत होतो."

"सिडकोत?" हे थेट माझ्याकडे वळले. "सिडकोत आपण नंतर गेलो."

"नंतर कसं? हिचं बारसं सिडकोत झालं."

"बारसं तुझ्या आईकडे झालं!"

बिबट्या सगळ्यांच्या मनातून उतरला. अर्धी माणसं ह्यांच्या बाजूने, अर्धी माझ्या. वीज आली तरी कुणी उठेना. काकूंनी चहाचं दुसरं आधण ठेवलं. आमच्या दारापर्यंत आम्ही भांडतच आलो आणि घरात आल्यावर ह्यांनी पुण्याला फोन लावून लेकीला साक्षीला बोलावलं. ती म्हणाली, "बाबा, मी तेव्हा पाळण्यात होते." आणि मग जरा थांबून, "तुम्ही दोघं बोलताय?"

सकाळी वनविभागाची माणसं येऊन ठसे बघून गेली. बिबट्याची नखं चालताना आत असतात, ठशात उमटत नाहीत. इथे प्रत्येक बोटापुढे नखाची खूण होती. कुत्रा. ते बाळ बरोबर होतं.

सालाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. गॅसच्या पुस्तकावर पत्ता बदलल्याची तारीख आहे, ते सापडलं की कळेलच. ते ह्यांनी नीट ठेवलं होतं, पण कुठे ते ह्यांना आठवत नाही. ह्यांचं म्हणणं, मी कुठल्यातरी कादंबरीत खूण म्हणून घातलं आणि ती रद्दीत गेली.