बजेट कमी म्हणून काहीही गळ्यात माराल?

भरपूर पैसे असतील तर गेमिंग पीसी असेंबल करायला फारसं डोकं लागत नाही. सगळ्यांत वरचं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा पार्ट) घ्यायचं, त्याला साजेसा प्रोसेसर घ्यायचा, झालं काम. खरा अभ्यास करावा लागतो तो पै पै जोडून पीसी बनवणाऱ्याला. आणि सगळी लपवाछपवी नेमकी त्याच्याच वाट्याला येते. सध्या धाकट्या भावासाठी पार्ट निवडतोय आणि संताप संताप झालाय नुसता.

ग्राफिक्स कार्डच घ्या. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यावर वेगवान जीडीडीआर५ मेमरी होती. पुढच्याच वर्षी त्याच नावाने त्याहून हळू डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात सोडलं. मेमरीची बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याचा वेग, सेकंदाला ४८ जीबीवरून थेट १७च्या आत! कितीतरी गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम निम्म्यावर येतात. नाव मात्र तेच, जीटी १०३०. फरक कळणार कशावरून, तर मेमरीच्या प्रकारावरून, तोही बारीक अक्षरांत लिहिलेला. यात दोन प्रकार आहेत हेच ज्याला माहीत नाही, तो ती अक्षरं शोधणार कशाला?

एकदाच झालं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याआधी २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० चंही हेच केलं होतं. ६ जीबी आणि ३ जीबी अशी दोन कार्डं. घेणाऱ्याला वाटणार, फक्त मेमरी कमी आहे. पण आतले कोअरसुद्धा (गणितं करणारे भाग) १२८० वरून ११५२ वर आणले होते. मग २०२४ मध्ये आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड आलं. कोअर २५६० चे २३०४, मेमरी बस (मेमरीकडे जाणारी वाट) १२८ बिटची ९६ बिट, आणि नाव पुन्हा ३०५०च! कमी ताकदीचं कार्ड काढायला माझी काहीच हरकत नाही. ते ६ जीबीवालं कार्ड कमी वीज खातं, बहुतेकदा वेगळी पॉवर केबलही लागत नाही, जुन्या ऑफिसच्या पीसीत टाकायला चांगलं आहे. मग त्याला वेगळा नंबर द्या ना! आकड्यांचा तुटवडा पडलाय का?

आणि कंपनीला हे कळत नाही असंही नाही. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० ची १२ जीबी आणि १६ जीबी अशी दोन कार्डं जाहीर केली, आतली चिप वेगवेगळी. तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की महिन्याभरात १२ जीबीवालं मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय म्हणून आणलं. म्हणजे महागड्या कार्डाचं नाव बदलता येतं. स्वस्त कार्ड घेणाऱ्यासाठी एवढी तसदी कोण घेणार!

एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बोर्डाशी जोडणाऱ्या वाटेच्या, फक्त ४ लेन दिल्या आणि मेमरी ४ जीबी. जेन ४ च्या (त्या वाटेच्या चौथ्या पिढीच्या) बोर्डावर एक वेळ चालून जातं. जेन ३ वर त्या ४ लेनचा वेग निम्मा होतो, आणि मेमरी भरली की डेटा त्याच अरुंद वाटेने रॅममधून ये-जा करायला लागतो. मग गेम अडखळतो. आता सांगा, जेन ३ चा जुना बोर्ड कोणाकडे असतो? ज्याचं बजेट कमी त्याच्याकडेच! नवं घ्यायचं म्हटलं तरी सुटका नाही. एएमडीचेच रायझन ५ ५५०० आणि ५६०० हे प्रोसेसर, दोन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड. कोणीही म्हणेल, स्वस्तातला घ्या. पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मा, १६ एमबी, आणि तो जेन ३ वरच थांबतो. बोर्ड जेन ४ चा घेतला तरी कार्डाला जेन ३ च मिळणार. म्हणजे स्वस्त कार्ड आणि स्वस्त प्रोसेसर एकत्र घेतले की एकाची उणीव दुसऱ्याला आणखी भोवते. हे खोक्यावर कुठे लिहिलेलं असतं?

रॅमचं वेगळंच. खोक्यावर ३२००, पण बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी हा पर्याय चालू केल्याशिवाय ती बऱ्याचदा कमीच वेगाने चालते. हे नवख्याला कोण सांगतं? एसएसडीत तर २०२१ मध्ये क्रूशियल पी२ च्या आतली टीएलसी मेमरी काढून हळू क्यूएलसी घातली, नाव न बदलता. म्हणजे जुना रिव्ह्यू वाचून विकत घ्यायचीही सोय नाही!

पण डोकं सगळ्यांत जास्त फिरतं ते एसएमपीएसपाशी, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पार्टपाशी. भावाला एका दुकानात दाखवलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. वर ठसठशीत '५०० वॉट'. उलटा करून स्टिकर वाचला, तर १२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर. म्हणजे १२ गुणिले २५, ३०० वॉट! प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरच घेतात, बाकीचे आकडे गेमिंगला काय कामाचे? विचारलं तर उत्तर, "सगळे हेच नेतात." अहो, सगळे नेतात कारण सगळ्यांना वरचाच आकडा दिसतो! फालतू एसएमपीएस जाताना बाकीचे पार्ट घेऊन जाऊ शकतो. पोराने वर्षभर साठवलेल्या पैशांवर हा जुगार खेळायचा कोणी ठरवलं?

त्यात सल्ला देणारे. काहीही विचारा, उत्तर एकच: "अजून थोडे घाल, वरचं घे." कार्डात थोडे, मग त्याला एसएमपीएस मोठा, मग बोर्ड बरा, मग कॅबिनेट हवेशीर. असं करत बजेट दीडपट होतं. अरे, त्याच्याकडे नाहीयेत ना थोडे अजून! असते तर विचारायला आला असता का? आहे त्या पैशांत काय बसतं ते सांगा. दोन पिढ्या जुनं सेकंडहँड कार्ड चालेल, ते तपासून कसं घ्यायचं ते सांगा. ८ जीबीची एकच कांडी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन घेतल्या तर ड्युअल चॅनल मिळतो (दोन्ही कांड्या एकदम वापरल्या जाऊन वेग वाढतो) आणि पुढे रॅम वाढवायची असेल तर काय अडेल, तेही सांगा. ते सोडून आपल्या रंगीत आरजीबी दिव्यांचे फोटो दाखवत बसतात.

मागणी काय, तर खोक्याच्या दर्शनी बाजूला, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा: मेमरी कोणती, बस किती बिटची, लेन किती, १२ व्होल्टवर अँपिअर किती. आत चिप किंवा मेमरी बदलली की नावही बदला. खोकं छापायचा खर्च तोच आहे. तरीही छापत नाहीत, कारण ते वाचून आम्ही ती वस्तू घेणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.