इ. स. ७० : मंदिर पडले, देश रिकामा झाला नाही

समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरतो. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, सर्व यहुद्यांना देशाबाहेर काढले, तेव्हापासून ते जगभर पांगले आणि त्यांतलेच काही कोकणच्या किनाऱ्याला लागले, असे त्यात म्हटलेले असते. यातले मंदिराविषयीचे विधान तेवढे खरे आहे.

‘तेव्हापासून पांगले’ हे कालक्रमातच बसत नाही. बाबिलोनच्या नेबुखदनेझरने इ. स. पू. ५९७ आणि ५८६ मध्ये यहूदातील, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या यहुदी राज्यातील, लोकांना बंदी करून बाबिलोनला नेले, आणि पुढे इराणच्या सायरसने परतीची मुभा दिल्यावरही त्यांतले पुष्कळ जण तिथेच राहिले. मेसोपोटेमियात ‘आल-याहुदू’, म्हणजे ‘यहूदाचे गाव’, या नावाची वस्तीच होती. तिच्याशी संबंधित मातीच्या पाट्यांपैकी सर्वांत जुनी इ. स. पू. ५७२ ची आहे, आणि त्यांवर विलाप नाही. कर्ज, भाडेपट्टे, धान्याचा हिशेब आहे. इजिप्तच्या दक्षिण सीमेवर, नाईलमधील एलिफंटाइन बेटावर, यहुदी शिपायांची वसाहत होती, इ. स. पू. ४१० मध्ये पाडले गेलेले त्यांचे मंदिरही तिथेच होते. अलेक्झांड्रियाच्या पाच भागांपैकी दोन मुख्यत्वे यहुद्यांचे आहेत असे तिथलाच यहुदी तत्त्वज्ञ फिलो लिहितो, आणि तो तर जेरुसलेम पडण्यापूर्वीच वारला होता.

‘सर्वांना बाहेर काढले’ याचा आधार बहुधा त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस याने दिलेला ९७,००० कैद्यांचा आकडा असावा. तो फुगवलेला नाही असे धरले, तरी ते युद्धकैदी होते. सगळ्या देशातून हद्दपारीचा हुकूम निघालेला नव्हता. उलट मंदिर पडल्यावर किनाऱ्याजवळच्या याव्ने येथे विद्वानांचे नवे केंद्र उभे राहिले. खरा मोठा आघात इ. स. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली रोमनांविरुद्ध झालेल्या बंडानंतर झाला. यहूदियातील (जेरुसलेमभोवतालच्या प्रांतातील) गावे ओस पडली आणि रोमन सम्राट हेड्रियनने जेरुसलेमचे ‘आयलिया कॅपिटोलिना’ करून यहुद्यांना तिथे बंदी केली, पण ती बंदीही त्या शहरापुरती आणि त्याच्या परिसरापुरती होती. समाजाचे केंद्र उत्तरेला गालीलमध्ये सरकले. तिथेच सुमारे इ. स. २०० मध्ये मिश्ना हा यहुदी धर्मनियमांचा ग्रंथ संकलित झाला, आणि त्यावरील चर्चांचा ‘जेरुसलेमी’ म्हणवणारा तालमूदही मुख्यतः गालीलमधल्याच तिबेरिया शहरात घडला. नावावर जाऊ नये. त्याच उत्तर भागातील बेथ अल्फाच्या सभास्थानात सहाव्या शतकात गावकऱ्यांच्या देणगीतून चित्रमय फरशी बसवली गेली. रिकाम्या देशात हे कोणी केले, याचे उत्तर त्या मजकुरात नाही.

राहिला कोकणचा मुद्दा. नवगावजवळ जहाज फुटले आणि मोजकीच माणसे वाचली, ही आठवण कोकणातील यहुद्यांचा बेने इस्राएल समाज पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे. मात्र त्या घटनेचा काळ कथनागणिक बदलतो, आणि काही कथनांत तो मंदिर पडण्याच्या दोन शतके आधीचा आहे. तेव्हा तिला इ. स. ७० च्या गाठीला बांधण्याचे काम मजकूर लिहिणाऱ्याचे आहे, त्या समाजाच्या परंपरेचे नव्हे.